ऑटोवर ठेवलेल्या मोटरी

"कुणीतरी ऑटो लावलाय रे," पश्या हेडफोनमध्ये वैतागून म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. सगळ्यात जास्त मी हसलो, हे आता लिहिताना कान जरा गरम होतायत.

शनिवारची रात्र, आम्ही मित्र अंतराळाच्या एका ऑनलाईन गेममध्ये, साडेअकरा वाजून गेलेले. पश्या खाणीवरून बर्फ भरून परत येत होता, हँगरच्या तोंडाशी त्याने ब्रेक मारला, जहाज थांबलं, मग थांबलेलं जहाज कुणीतरी कॉलर धरून ओढल्यासारखं तीस मीटर पुढे दिसलं, मग मागे, मग परत पुढे, आणि शेवटी हँगरच्या दारात घुसून पुढचे चार थ्रस्टर, म्हणजे जहाज ढकलणारी इंजिनं, गेले. दोन तासांची मेहनत मातीत. त्याची काही चूक नव्हती. सर्व्हरच, म्हणजे गेमचं जग चालवणारा कॉम्प्युटर, दमला होता.

हा 'ऑटो' म्हणजे काय ते शेतीवाल्या घरातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मी आणि पश्या एकाच तालुक्यातले. आमच्याकडे शेतीच्या मोटरींना तीन फेज लाईट ठरलेल्या वेळीच, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्री दोनला उठून विहिरीवर कोण जाणार, म्हणून लोक स्टार्टरला ऑटो बसवतात, लाईट आली की मोटर आपोआप चालू. एकट्याने बसवला तर झकास काम. पण एका डीपीवरच्या, म्हणजे वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्याच मोटरींना ऑटो असेल तर लाईट आली रे आली की सगळ्या एकदम उठतात, आणि मोटर उठताना जो करंट ओढते तो चालू असतानाच्या कितीतरी पट, मग डीपी हंबरायला लागतो, घरातला बल्ब लाल होतो, फ्यूज उडतो, आणि नशीब वाईट असेल तर डीपीच जळतो आणि नवीन येईपर्यंत ऊस वाळतो. मग पारावर चर्चा, कुणी लावला होता ऑटो? कुणीच नाही. प्रत्येकाची मोटर हातानेच चालू होते म्हणे.

तर आमचा डीपी म्हणजे भाड्याने घेतलेला एक सर्व्हर आणि त्याच्यावर चालणारा गेम स्पेस इंजिनिअर्स. प्रागमधल्या कीन सॉफ्टवेअर हाऊसचा गेम आहे, ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्धवट अवस्थेतच लोकांच्या हातात दिला आणि पूर्ण झाला असं जाहीर केलं ते फेब्रुवारी २०१९ मध्ये. मधली पाच-सव्वापाच वर्षं लोक खेळतच होते. गोष्ट वगैरे काही नाही त्यात. हातात ड्रिल, वेल्डर आणि ग्राइंडर देतात आणि अंतराळात सोडून देतात, खणा, वितळवा, बांधा. ब्लॉक दोन मापाचे, मोठा अडीच मीटरचा आणि छोटा अर्ध्या मीटरचा, त्यातून जहाज बांधा, स्टेशन बांधा, सहा पिस्टनची क्रेन बांधा, कुणी अडवत नाही. कॉलेजचे आम्ही पाच मित्र, एक नागपूरला, एक कोल्हापूरला, एक दुबईत, पश्या आणि मी पुण्यात, लग्नं झाली, पोरं झाली, एरवी ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंगचे फोटो. शनिवारी रात्री मात्र सगळे चंद्रावर. खरंच चंद्रावर, गेममधल्या पृथ्वीच्या चंद्रावर आमची वस्ती आहे.

आता लॅग, म्हणजे हे अडखळणं. लॅग हा शब्द आपण इतका सैल वापरतो की त्यानेच निम्मा घोळ होतो. तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांना एकच नाव. एक म्हणजे आपला कॉम्प्युटर चित्र काढताना धापा टाकतो, फ्रेम कमी पडतात, तो प्रश्न आपल्या घरातला, ग्राफिक्स कमी करा, सुटला. दुसरं म्हणजे पिंग, आपली आज्ञा सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, तो अंतरावर आणि लाईनवर अवलंबून. सर्व्हर युरोपात असेल तर पुण्यातून कितीही महागडं फायबर घ्या, समुद्राखालची केबल काही आखूड होत नाही. आणि तिसरं खरं दुखणं म्हणजे सिम स्पीड. हा गेम सेकंदाला ६० वेळा अख्ख्या जगाचा हिशोब मांडतो, कुठलं जहाज कुठे, कोण कुणावर आपटलं, कुठल्या भट्टीत किती लोखंड. म्हणजे एका हिशोबाला साधारण साडेसोळा मिलिसेकंद. तेवढ्यात आटोपलं तर सिम स्पीड १. नाही आटोपलं तर जग हळू चालतं, ०.५ म्हणजे निम्म्या वेगाने. शिफ्ट आणि एफ-११ दाबलं की पडद्यावर आकडे येतात, त्यात हा दिसतो, आमचा त्या रात्री ०.५८ होता. घरातला बल्ब लाल झाला होता.

पण आम्ही बघितला कुठे तो आकडा? दोन महिने आम्ही राऊटर बदलत होतो. दुबईवाला म्हणाला माझ्याकडून होत असेल, मी लांब आहे. कोल्हापूरवाल्याने रॅम वाढवली. मग सगळ्यांनी वर्गणी काढून सर्व्हरचा मोठा प्लॅन घेतला, जास्त कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले हिशोब करणारे हात, जास्त मेमरी, आणि फरक शून्य. नंतर कळलं की या गेमच्या हिशोबाचा मोठा भाग एकापाठोपाठ एकच करावा लागतो, तो बऱ्याच अंशी एका कोअरच्या अंगावर पडतो, मग बाकीचे अकरा कोअर शेजारी उभे राहून तंबाखू मळणार. एक कोअर जोरात पळणारा पाहिजे, बारा साधे नकोत. लग्नात वाढपी वाढवून उपयोग काय, चुलीवर आचारी एकच असेल तर.

जाता जाता एक सांगतो, कारण मला ते फार आवडतं. ईव्ह ऑनलाईन नावाचा दुसरा अंतराळाचा गेम आहे, आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा, तिथे हजारो लोक एकाच लढाईत उतरतात. सर्व्हर कोसळू नये म्हणून त्यांनी वेळच हळू करायची सोय केली, टाईम डायलेशन म्हणतात, गर्दी वाढली की त्या भागातलं घड्याळ अगदी १० टक्क्यांपर्यंत खाली येतं, पण सगळ्यांसाठी सारखं. जानेवारी २०१४ मधली बी-आर५आरबी ची प्रसिद्ध लढाई अशी २१ तास चालली होती. लोक झोपून उठून परत आले तरी लढाई चालूच. म्हणजे हळू होणं त्यांनी मान्य केलं आणि त्याला शिस्त लावली. आमच्याकडे हळू होणं होतं, शिस्त नव्हती.

तर हँगर फुटल्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही ठरवलं, सगळ्यांनी जहाजं लावायची, कुणी उडायचं नाही, खणायचं नाही, आणि एकेकाने आपापल्या बेसची लाईट पूर्ण बंद करायची. आकडा बघत बसायचं. वायरमन खांबावर चढून एकेक फेज काढून बघतो तसं. नागपूरवाल्याने बंद केला, काही नाही. त्याचं ते अवाढव्य मालवाहू जहाज, नऊ हजारांवर ब्लॉक, ज्याच्यावर आमचा सगळ्यांचा संशय होता आणि ज्यावरून आम्ही त्याला दोन महिने टोमणे मारले, ते तिथेच उभं होतं आणि आकडा हलेना. कोल्हापूर बंद, किंचित. दुबई बंद, किंचित. पश्याचा बेस म्हणजे एक खोली आणि हँगर, काय बंद करणार. मग माझी पाळी.

मी मेन स्विच पाडला आणि ०.५८ चा ०.८ झाला.

हेडफोनमध्ये कुणी काही बोललं नाही. ती शांतता मला अजून आठवते. मग पश्या एवढंच म्हणाला, "तुझी मोटर हातानेच चालू होते ना रे?"

बरं, माझा बेस काही दिसायला मोठा नाही. वाडा म्हणतो आम्ही त्याला, चौक आहे, दिंडी दरवाजा आहे, नीट बांधलाय. आणि तिथेच माझी चूक होती, मला वाटायचं भार आकाराचा असतो. मोठं ते जड. पण चिलखती ब्लॉकची भिंत सर्व्हरला काही विचारत नाही, उभी असते गुमान. विचारतात ती हलणारी, मोजणारी, फेकणारी, सतत कुठेतरी टेकून थरथरणारी यंत्रं.

सगळ्यात आधी दगड. खणताना दगड फार निघतो, भट्टीत जागा खातो, म्हणून मी तीन कनेक्टर, म्हणजे जहाज जोडायची आणि माल बाहेर काढायची तोंडं, लावून 'बाहेर फेका' चालू केलं होतं. वाड्यामागच्या उतारावर तो दगड पडत राहायचा, दिवसरात्र. बघायला मस्त, दगडखाणीचा क्रशर चालल्यासारखं. पण प्रत्येक सुटा दगड म्हणजे सर्व्हरसाठी एक वेगळी वस्तू, तिला वजन, वेग, ती घरंगळणार, दुसऱ्यावर आदळणार, ते सगळं सेकंदाला ६० वेळा. अशा सुट्या वस्तूंना सर्व्हरवर मर्यादा असते, ती भरली की जुने दगड गायब होतात, पण माझे कनेक्टर नवे टाकायला थकत नव्हते. त्यातली गंमत म्हणजे भट्टीत दगड घातला तर त्यातून लोखंड, निकेल, सिलिकॉन निघतं, म्हणजे मी घरचा माल उकिरड्यावर टाकून वर गावाला त्रास देत होतो.

दुसरं स्क्रिप्ट. गेममध्ये प्रोग्रामेबल ब्लॉक असतो, त्यात सी-शार्पमध्ये कोड लिहिता येतो, आणि मी दिवसभर ऑफिसात तेच करतो तर इथे कशाला सोडतोय. कुठल्या कंटेनरमध्ये किती माल आहे हे भिंतीवरच्या स्क्रीनवर दाखवणारं सुंदर कोष्टक मी बनवलं होतं, रंगीत पट्ट्यांसकट. ते दर टिकला, म्हणजे सर्व्हरच्या प्रत्येक हिशोबाला, चालायचं. म्हणजे ऐंशीएक कंटेनर उघडून, मोजून, परत लिहून, सेकंदाला ६० वेळा. टाकीत पाणी किती आहे हे बघायला कुणी सेकंदाला साठ वेळा गच्चीवर जातं का? एका ओळीत अपडेट-१ चं अपडेट-१०० केलं, आता दर शंभर टिकला चालतं, म्हणजे पावणेदोन सेकंदांतून एकदा वगैरे, आणि स्क्रीन बघून कुणालाही फरक कळला नाही. मला पण नाही. माझ्या ऑफिसात हाच कोड कुणी ज्युनिअरने दिला असता तर मी रिव्ह्यूमध्ये केवढा पिसला असता त्याला.

मग भट्ट्या, चौदा. प्रत्येक भट्टी कन्व्हेअरच्या, म्हणजे माल वाहणाऱ्या पाइपांच्या, जाळ्यातून आपोआप कच्चा माल ओढते, सुटे भाग बनवणारे असेंब्लर ओढतात, माल निवडणारे सॉर्टर ओढतात, आणि जाळं जितकं गुंतागुंतीचं तितकं हे कुठून कुठे जाऊ शकतं याचा शोध लांबतो. मी एका गोदामाला तीन वाटांनी जोडलं होतं, का, तर दिसायला सममित दिसतं म्हणून. आठ भट्ट्या पाडल्या, उरलेल्या सहांना चांगली मॉड्यूल लावली, पाइपांचे वळसे काढले. उत्पादन होतं तेवढंच राहिलं. सहांत जे होत होतं ते मी चौदांत का करत होतो, माहीत नाही, भट्ट्या ओळीने उभ्या छान दिसायच्या.

एवढं करून ०.८ च्या वर जाईना, आणि हे मला आधी कळेचना, कारण लाईट पूर्ण बंद केली तेव्हाही तो तिथेच अडकला होता. मग पश्याच म्हणाला, क्रेन बघ. हे लक्षात घ्या, पिस्टन, रोटर, बिजागर, चाक, यांच्या पुढचा भाग गेमच्या लेखी वेगळी वस्तू असतो, वेगळं ग्रिड. मूळ बांधकामाशी तो फक्त फिजिक्सच्या एका सांध्याने जोडलेला. सहा पिस्टन एकापुढे एक लावले की साखळीत सहा सांधे, प्रत्येक सांधा दर टिकला सोडवायचा, एक हलला की बाकीचे पाच हलणार. लाईट बंद केली तर पिस्टन सरकायचे थांबतात, सांधे थोडेच सुटतात! आणि माझ्या क्रेनचं ड्रिल खड्ड्याच्या तळाला टेकून राहिलं होतं, दगडात रुतून, दिसेल न दिसेल असं थरथरत. जमिनीशी होणारी टक्कर हा सर्व्हरसाठी महाग हिशोब, आणि माझी क्रेन गेले सहा आठवडे प्रत्येक क्षणी चंद्राला टक्कर देत होती.

या थरथरीला खेळणाऱ्यांनी देवच करून टाकलंय. क्लँग. पिस्टन-रोटरचा खेळ जास्त केला की क्लँग कोपतो, मग जहाज जागच्या जागी नाचायला लागतं आणि फुटतं. जगभरचे लोक गमतीने त्याला बळी वगैरे द्यायची भाषा करतात. आमच्याकडे पश्याने वस्तीच्या वेशीवर अर्ध्या मीटरच्या ब्लॉकांचं एक छोटं देऊळ बांधलंय, म्हसोबासारखं, आत शेंदरी रंगाचा एक रोटर. नवीन क्रेन बांधली की आधी तिथे जाऊन यायचं. रोटर अर्थात बंद ठेवलाय, देव जागा नको म्हणून.

क्रेन मी पाडली. त्याऐवजी उडणारं छोटं खाणजहाज केलं, एकच ग्रिड, काम झालं की कनेक्टरला लावून बंद. आठ चाकांची गाडी होती, ती पण चाकांवर उभी असली की स्प्रिंगवर हलकी हलकी डुलत राहते आणि सर्व्हरला वाटतं ही चालूच आहे, ती आता लँडिंग गिअरने जमिनीला धरून ठेवतो. वाड्याच्या मागे एक भाग अजून जहाज म्हणूनच नोंदलेला होता, त्याला टर्मिनलमधून स्टेशन करून टाकला, म्हणजे तो जागचा हलणार नाही असं सर्व्हरला लिहून दिलं. प्रोजेक्टर तीन आठवडे एका अर्धवट जहाजाचा निळा सांगाडा दाखवत चालू होता, बंद. अशी किरकोळ कामं करता करता दोन रात्री गेल्या आणि ०.९५ आला.

राहिलं चक्र.

ते मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं मुद्दाम. वाड्याच्या वर एका खांबावर मोठं चक्र, रोटरवर फिरणारं, आत खोल्या, खिडक्यांतून उजेड. अंतराळ स्थानक म्हटलं की लहानपणापासून डोळ्यापुढे जे फिरतं ते. गेममध्ये त्या फिरण्याने गुरुत्व वगैरे काही मिळत नाही, ते नुसतं शोभेचं. पण माझ्या मुलीला तेच एक आवडायचं, ती मांडीवर बसून खिडक्या मोजायची, फिरत असल्यामुळे तिची मोजणी कधी संपायचीच नाही. त्याचा भार म्हणाल तर क्रेनच्या मानाने काहीच नव्हता, चार जणांनी सांगितलं राहू दे. पण एकदा आपलंच पितळ उघडं पडल्यावर राहू दे म्हणवत नाही. रोटर कापला, चक्र चिलखती ब्लॉकने खांबाला जोडून टाकलं. आता उभं आहे. पोरीने विचारलं थांबलं का, मी म्हटलं दुरुस्ती चालू आहे. तिने त्या दिवशी पहिल्यांदा खिडक्या पूर्ण मोजल्या, छत्तीस.

नंतर आम्ही थोडे नियम केले, तक्ता वगैरे नाही, ग्रुपवर एक पिन केलेला मेसेज. गेममध्ये पीसीयू नावाचं माप आहे, प्रत्येक ब्लॉकची सर्व्हरला पडणारी किंमत, साधा चिलखती ब्लॉक १, प्रोग्रामेबल ब्लॉक १००, ड्रिल १९०. माणशी मर्यादा ठरवून दिली. उपयोगी आहे, पण त्यावर विसंबू नये असं माझं मत, कारण पिस्टन गप उभा असला काय आणि दगडात रुतून कुथत असला काय, पीसीयू तेवढाच धरतात. वीजबिलात मोटरीची हॉर्सपॉवर लिहिलेली असते, तुम्ही ती कशी चालवता ते नाही. बाकी, टाकून दिलेले छोटे तुकडे आपोआप साफ करायची सोय चालू केली, पहाटे सर्व्हर रिस्टार्ट होतो, आणि दर पाच मिनिटांनी जगाची नोंद सेव्ह होताना एक छोटा झटका बसतो तो बसतोच, त्यावेळी हँगरमध्ये शिरू नये. आमची घरं एकमेकांना खेटून होती, दुबईवाल्याने आपणहून लांब बांधायला घेतलं, सर्व्हर साधारण तीन किलोमीटरच्या आतल्याच गोष्टी आपल्याला कळवत राहतो, त्यामुळे निदान लाईनवरचा बोजा कमी होतो. हिशोबाचा होत नाही, तो कुठेही बांधलं तरी सर्व्हरच करणार. पण तिकडून सूर्योदय छान दिसतो म्हणे.

आणि पाळी ठरवली. पाटाच्या पाण्याची असते तशी. मोठं जहाज छापायचं असेल, म्हणजे पिस्टनवर वेल्डरची भिंत सरकवत सरकवत ब्लूप्रिंटवरून बांधून काढायचं, तर ते भारी कामच आहे, त्याला इलाज नाही, कितीही काटकसर केली तरी सिम स्पीड खाली येणार. मग ज्याची पाळी त्याने आपल्या रात्री, बाकीचे नसताना करायचं, आणि संपलं की पिस्टन पाडून ठेवायचे.

माझी पाळी गुरुवारी असते, बारा ते दोन. परवा एकटाच बसलो होतो. आकडा ०.७, चार पिस्टन मुंगीच्या पावलाने सरकतायत, ठिणग्या उडतायत, मला तिथे काही काम नाही, पण सोडून झोपायचं नाही असा नियम मीच घातलेला, अडकलं तर थांबवायला कुणीतरी पाहिजे. आण्णा रात्रपाळीच्या आठवड्यात असेच निघायचे, अंगावर घोंगडं, हातात बॅटरी, आमच्या स्टार्टरला ऑटो त्यांनी कधी बसवला नाही. का नाही ते मी विचारलं नव्हतं, मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटायचं. मोटर चालू करून ते परत यायचे नाहीत, तिथेच बांधावर बसून राहायचे, पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत.

दीडच्या सुमारास बायको पाणी प्यायला उठली. स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय चाललंय?"

"माझी पाळी आहे."

तिने थोडा वेळ उभं राहून त्या पिस्टनांकडे बघितलं. "हे हलतंय का पण?" म्हणाली. मी म्हटलं हलतंय, नीट बघ, डावीकडचा. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकली, आम्ही दोघं डावीकडच्या पिस्टनकडे बघत राहिलो, तो जरासा सरकला, मग तिने बाटली भरून घेतली आणि जाताना पंखा एकने कमी केला.